लेझर की मायक्रोडिब्रायडर, हा नंतरचा प्रश्न

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मुलगा चार वर्षांचा, स्वरयंत्रातला पॅपिलोमा, म्हणजे विषाणूमुळे येणाऱ्या चामखिळीसारख्या गाठी, काढून दोन महिने होत नाहीत तोच आवाज पुन्हा बसलाय, एक डॉक्टर लेझर म्हणतात, दुसरे मायक्रोडिब्रायडर, आणि तिसऱ्यांनी थेट ट्रॅकिओस्टॉमीचाच, म्हणजे गळ्याला छिद्र पाडून श्वासासाठी नळी बसवण्याचा, विषय काढलाय. माझी मुलगी याच चक्रातून गेलीय. किती वेळा भूल दिली ते मोजणं आम्ही कधीच सोडलं. मी डॉक्टर नाही, पेशंटचा बाप आहे. त्यामुळे खालचं सगळं सर्जनसमोर प्रश्न म्हणून ठेवा, उपचार म्हणून नको.

हा आजार एचपीव्ही विषाणूच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे होतो वगैरे तुम्हाला सांगितलं असेलच, ते सोडतो. लक्षात एवढंच घ्या की विषाणू गाठीशेजारच्या, अगदी निरोगी दिसणाऱ्या अस्तरातही बसलेला असतो. कितीही खरवडलं तरी तो संपत नाही. ऑपरेशन करायचं ते श्वासाची वाट मोकळी राहावी आणि आवाज शाबूत राहावा, एवढ्यासाठी.

आमचं पहिलं हॉस्पिटल नेमकं इथेच चुकलं. "एकदम साफ करून देतो," असं त्यांनी सांगितलं आणि तसंच केलं. दोन्ही स्वरतंतू पुढे जिथे एकत्र येतात, तिथे एकाच बैठकीत दोन्ही बाजूंना लेझर मारला. समोरासमोरच्या दोन ओल्या जखमा भरताना एकमेकींना चिकटल्या आणि मधे पडदा तयार झाला. गाठी यायच्या त्या आल्याच, वर हा पडदा कायमचा बसला. पुष्कळ मुलांमध्ये वय वाढतं तसा हा आजार मंदावतो, पण व्रण तसाच राहतो. मुलीचा आवाज आज घोगरा आहे तो गाठींमुळे कमी आणि त्या पडद्यामुळे जास्त, असं पुढच्या सर्जननी स्पष्ट सांगितलं.

त्याहून संताप आला तो कागदांवरून. ऑपरेशनच्या नोंदीत एकच ओळ: "लेझरने गाठी काढल्या." कुठून किती काढल्या, काय शिल्लक ठेवलं, काही नाही. दुर्बिणीतलं चित्रीकरण मागितलं तर खिडकीवरचा माणूस म्हणाला, द्यायची पद्धत नाही. डॉक्टरांना विचारा म्हणाला, डॉक्टर म्हणाले खिडकीवर विचारा. नव्या सर्जनना गाठ कुठली आणि व्रण कुठला, हे आधी शोधत बसावं लागलं. प्रत्येक वेळी फोटो किंवा व्हिडिओ मागा, आणि तो ऑपरेशनच्या आधीच कबूल करून घ्या. नंतर कोणी ओळख देत नाही.

म्हणून सर्जनना पहिला प्रश्न हा विचारा: स्वरतंतू पुढे जिथे जुळतात, त्या पुढच्या सांध्याजवळ तुम्ही काय शिल्लक ठेवणार? "एका बाजूचं आत्ता काढू, दुसऱ्या बाजूचं थोडं राहू देऊ, पुढच्या खेपेला बघू," असं उत्तर आलं तर माझ्या मते माणूस बरोबर आहे.

आता यंत्रांचं. मायक्रोडिब्रायडर म्हणजे फिरतं पातं आणि सोबत सक्शन. उष्णता नाही, धूर नाही, मोठा गठ्ठा झटपट निघतो. रक्त आलं तर अ‍ॅड्रेनलिनमध्ये भिजवलेला कापूस दाबतात. मुलांसाठी मी यालाच झुकतं माप देईन. कार्बन डायऑक्साइड लेझर नेमका कापतो आणि रक्तही कमी येतं, पण त्याची उष्णता खोल गेली की व्रण पडतो, आणि ऑक्सिजन असलेल्या श्वासनलिकेत आग लागण्याचा धोका असतो. त्याच्या धुरात विषाणूचे अंश सापडलेत, म्हणून तिथली माणसं खास मास्क घालतात. केटीपी लेझर गाठीतल्या रक्तवाहिन्यांवर काम करतो, त्यामुळे पुढच्या सांध्याजवळ काही सर्जन तो पसंत करतात. कोब्लेशनही आहे, म्हणजे कमी उष्णतेत विजेच्या लहरींनी गाठ विरघळवणं, त्याचा आम्हाला अनुभव नाही. पण खरं सांगू? ज्या हाताला ज्या यंत्राची सवय आहे, ते यंत्र त्या हातात चांगलं. लेझर नवीन आला म्हणून मुलावर सराव नको.

भूलतज्ज्ञांनाही आधी भेटा. लहान मुलांच्या श्वासमार्गाची रोज सवय असलेला माणूस हवा. नळी न घालता, मुलाचा स्वतःचा श्वास चालू ठेवून भूल देता येते का, हे विचारा. सर्जनला जागा मिळते. प्रत्येक वेळी ते शक्य नसतं, तेही मान्य.

ट्रॅकिओस्टॉमीबद्दल मी हट्टी आहे. श्वास अडलाच असेल तर वाद नाही, जीव आधी. पण निव्वळ "वारंवार ऑपरेशन नको" म्हणून असेल, तर दुसरं मत घ्या. त्या छिद्राच्या कडेला आणि खाली श्वासनलिकेत गाठी पसरण्याची भीती असते. करावीच लागली तर नळी लवकरात लवकर काढण्याचं आधीच बोलून ठेवा.

गाठी फार वेगाने येत असतील किंवा फुफ्फुसाकडे उतरल्या असतील, तर शिरेतून देण्याच्या बेव्हासिझुमॅब या, नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या औषधाबद्दल विचारा. बऱ्याच मुलांमध्ये त्याने ऑपरेशनमधलं अंतर वाढतं. रक्तदाब आणि लघवीतलं प्रोटीन मात्र तपासत राहावं लागतं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या आजारावरचं एक औषध मंजूर केलं, त्याची बातमी तुम्हाला कोणीतरी पाठवेलच. ती मंजुरी प्रौढांसाठी आहे.

आणि हो, "सासरचे म्हणतात, बाळंतपणात माझ्याकडूनच आलं" असं तुम्ही शेवटी लिहिलंय. विषाणू बहुतेक वेळा जन्माच्या वेळीच येतो, हे खरं. पण तो असंख्य बायकांमध्ये कसलंही लक्षण न दाखवता असतो, त्यातल्या फार थोड्यांच्या मुलांना हा आजार होतो, आणि सिझेरियन केलं असतं तर टळला असता याचीही खात्री नाही. सासरच्यांना पुढच्या अपॉइंटमेंटला सोबत न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. आमच्या घरी त्यानंतरच शांतता झाली.