वाचकांचे प्रश्न : काळी काच, पांढऱ्या कडा

दगडांना घरच्या घरी झिलई देण्याच्या छंदाविषयी मागील अंकात लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे अकीक किंवा गारगोटीविषयी नसून काचेविषयी आहेत; कोणी ज्वालामुखीच्या काचेविषयी, म्हणजे ऑब्सिडियनविषयी विचारले आहे, तर कोणी बाटलीच्या काचेविषयी. म्हणून या वेळी केवळ काच.

प्रश्न : माझ्याकडे दीड किलोचा फिरत्या डब्याचा टम्बलर (खडे, पाणी आणि भुकटी एकत्र फिरवून दगड गुळगुळीत करणारे यंत्र) आहे. गोदावरीच्या पात्रात गोळा केलेले अकीक त्यात उत्तम चकाकतात. या वेळी त्यांच्याबरोबरच मी ऑब्सिडियनचे काळे खडे टाकले. चार आठवड्यांनंतर अकीक चमकले, पण ऑब्सिडियन राखाडी पडला आणि त्याच्या कडा पीठ लागल्यासारख्या पांढऱ्या झाल्या. पॉलिशची भुकटी कमी पडली का? (एक वाचक, नाशिक)

भुकटी कमी पडलेली नाही. आपले खडे झिजण्याऐवजी आपटले गेले आहेत. ऑब्सिडियन दिसतो दगडासारखा, पण आहे काचच. सिलिकाचे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक असलेला घट्ट लाव्हा वेगाने थिजला, की त्यातील अणूंना स्फटिकाच्या शिस्तीत बसायला अवसरच मिळत नाही. स्फटिकरचना नसल्यामुळे या काचेला ठरावीक दिशेने फुटण्याची सवय नसते; ती शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी वक्र ढलपी काढत फुटते. यालाच शंखाभ भंजन म्हणतात आणि याच गुणामुळे अश्मयुगातील माणसाने तिची पाती केली. आपल्या डब्यात मात्र तोच गुण शत्रू ठरतो. मोहस मापश्रेणीवर अकीकाची कठिनता साडेसहा ते सात आणि ऑब्सिडियनची पाच ते साडेपाच असते. शिवाय अकीक चिवट आहे. डबा फिरताना असा अकीक काचेच्या कडेवर पडला, की तिथे डोळ्यांना न दिसणाऱ्या शेकडो बारीक भेगा पडतात. या भेगा प्रकाश विखुरतात आणि काळ्या पार्श्वभूमीवर तो विखुरलेला प्रकाश पांढरा दिसतो. भेगा पृष्ठभागाच्या खाली उतरलेल्या असल्याने वरून कितीही पॉलिश केले तरी त्या झाकल्या जात नाहीत.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की ऑब्सिडियनला स्वतंत्र डबा द्यावा. डबा अर्धा भरू नये. तीन-चतुर्थांश भरलेल्या डब्यात खडे एकमेकांवरून घसरत उतरतात, तर अर्ध्या रिकाम्या डब्यात ते उंचावरून कोसळतात. पुरेसे ऑब्सिडियन नसतील तर उरलेली जागा सिरॅमिकच्या बारीक गोळ्यांनी आणि प्लॅस्टिकच्या दाण्यांनी भरावी. मोठ्या खड्यांबरोबर लहान खडे असणे आवश्यकच आहे, कारण मोठ्यांमधल्या पोकळ्या तेच भरून काढतात. पाणी सर्वांत वरच्या थराच्या किंचित खाली राहील इतकेच घालावे. डब्याचा वेग बदलण्याची सोय असेल तर तो कमी ठेवावा.

दुसरी गोष्ट टप्प्यांची. ६०/९० क्रमांकाची सिलिकॉन कार्बाइडची जाड भुकटी, नंतर १२०/२२०, नंतर ५०० आणि शेवटी पॉलिश हा क्रम आपल्याला ठाऊक आहेच. (हे आकडे चाळणीच्या एका इंचातील छिद्रांचे असतात, म्हणून आकडा मोठा तितकी भुकटी बारीक.) अकीकाला जिथे जाड भुकटीत दोन-तीन आठवडे लागतात, तिथे ऑब्सिडियनचे काम पुष्कळदा आठवडाभरात होते, म्हणून सात दिवसांनी डबा उघडून पाहावा. पाहताना खडा पूर्ण कोरडा करावा. ओला दगड नेहमीच चकाकतो आणि या एका फसवणुकीपायी नवशिक्यांचे जितके आठवडे वाया जातात, तितके भुकटीच्या दर्जामुळेही जात नाहीत. कोरड्या खड्याची कड भिंगातून पाहावी आणि पांढरे ठिपके दिसले तर पुढच्या टप्प्याला जाऊ नये.

आपले आताचे खडे वाया गेलेले नाहीत. कडांवरच्या भेगा बारीक असतील तर १२०/२२० पासून आणि ढलप्या निघाल्या असतील तर अगदी पहिल्या टप्प्यापासून, पण अकीकाशिवाय आणि भरपूर प्लॅस्टिकचे दाणे घालून, पुन्हा सुरुवात करावी. शेवटच्या टप्प्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडऐवजी सिरियम ऑक्साइड वापरून पाहावे. दुर्बिणीचे आरसे घरी घासणाऱ्या हौशी खगोलप्रेमींना ही फिकट गुलाबी किंवा पिवळसर भुकटी चांगली परिचित असते. पाण्याच्या सान्निध्यात ती काचेच्या पृष्ठभागाशी रासायनिक क्रियाही करते, त्यामुळे काचेवर तिचे काम निव्वळ घासण्यापलीकडचे असते. या टप्प्यात पाण्यात एक-दोन चमचे साखर घातल्यास गाळ पाकासारखा दाट होतो आणि खडे हळुवार उतरतात. हा उपाय ऐकायला घरगुती वाटला तरी अनुभवी मंडळी तो आवर्जून करतात.

शंका असेल तर एक खडा चामड्याच्या तुकड्यावर सिरियमचा ओला लेप घेऊन पाच मिनिटे हाताने चोळावा. ती जागा लख्ख झाली तर खडे पॉलिशसाठी तयार आहेत; नाही झाली तर दोष मागच्या टप्प्यात आहे. हाताने चोळण्यात आपटणे नसतेच. आजच्या तुर्कस्तानातील चाताल्होयुक येथे सुमारे ८००० वर्षांपूर्वीचे ऑब्सिडियनचे आरसे सापडले आहेत आणि मेक्सिकोतील ॲझ्टेकांनी घडवलेला असाच एक काळा आरसा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्या कारागिरांकडे ना सिलिकॉन कार्बाइड होते ना मोटार, पण त्यांच्या आरशांच्या कडा पांढऱ्या पडण्याचा प्रश्न आला नसावा.

प्रश्न : बाटल्यांच्या काचा आणि घरात साठलेले बांगड्यांचे तुकडे टम्बलरमध्ये चालतील का? समुद्रकिनारी मिळते तशी धुरकट काच मला हवी आहे. (एक वाचक, रत्नागिरी)

धुरकट काच हवी असेल तर आपले काम सोपे आहे, कारण पॉलिशपर्यंत जायचेच नाही. जाड भुकटीत धार मोडली, की १२०/२२० मध्ये चार-पाच दिवस फिरवून थांबावे. समुद्राला जे करायला अनेक वर्षे लागतात, ते पंधरवड्यात होते. किनाऱ्यावरची काच जाणकाराला ओळखू येते ती तिच्या पृष्ठभागावरच्या बारीक चंद्रकोरी खुणांमुळे, आणि डब्यात त्या खुणा तशा उमटत नाहीत. बाटलीचा तळ आणि गळा यांची जाड काच सर्वोत्तम. बाटली जाड गोणपाटात गुंडाळून, डोळ्यांना चष्मा व हातांना मोजे घालूनच फोडावी.

वाढलेल्या बांगड्यांविषयी थोडे निराश करावे लागेल. (बांगडी फुटत नाही, वाढते; हा संकेत आपण पत्रात मोडला आहे, पण मोजदाद काचेची असल्याने हरकत नाही.) बांगडीची काच बारीक असल्यामुळे डब्यात तिचे आणखी तुकडे होतात आणि वरचा सोनेरी मुलामा पहिल्या दिवशीच निघून जातो. आतून रंगीत असलेल्या जाड बांगड्यांचे तुकडे मात्र भरपूर प्लॅस्टिकच्या दाण्यांबरोबर सुंदर उतरतात. ट्यूबलाइट, टीव्हीच्या जुन्या पिक्चर ट्यूब आणि शिसेयुक्त क्रिस्टलची भांडी यांना हात लावू नये. पहिल्यात पारा असतो आणि उरलेल्या दोहोंत शिसे.

प्रश्न : डब्याचे झाकण फुगते आणि गाळ ओतल्यापासून मोरी तुंबली आहे. काय करावे? (एक वाचक, डोंबिवली)

मोरीसाठी प्लंबर बोलवावा आणि पुन्हा गाळ तिथे ओतू नये, कारण दगडाचे पीठ नळीत सिमेंटसारखे बसते. गाळ बादलीत एक दिवस निवळू द्यावा, वरचे पाणी झाडांपासून दूर ओतावे आणि खालचा थर वाळण्यापूर्वीच पिशवीत बांधून कचऱ्यात टाकावा. वाळल्यावर त्याची धूळ श्वासातून फुप्फुसात जाते आणि सिलिकाची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. याच कारणासाठी काच किंवा दगड कधीही कोरडा घासू नये. डबा फुगतो तो आत वायू साठल्यामुळे. रोज एकदा झाकण सैल करून पुन्हा लावले की पुरते, आणि साखर घातली असेल तर हे विसरूच नये. टप्पा बदलताना डबा, झाकण आणि खडे ब्रशने धुवावेत. माझ्या पहिल्या वर्षी झाकणाच्या खाचेत राहिलेल्या जाड भुकटीच्या चिमूटभर कणांनी पॉलिशच्या टप्प्यात दोन किलो खड्यांवर ओरखडे उमटवले होते. तेव्हापासून पॉलिशसाठी मी वेगळा डबा ठेवला आहे.

प्रश्न : आपला सह्याद्री ज्वालामुखीचाच आहे. मग इथे ऑब्सिडियन का मिळत नाही? लोणारला काळी काच सापडते असे ऐकले आहे. (एक वाचक, बुलढाणा)

दख्खनचा लाव्हा बहुतांशी बेसाल्टचा आहे. त्यात सिलिका साधारण ५० टक्के असते. असा लाव्हा पातळ, दूरवर वाहणारा असतो आणि त्यात स्फटिक सहज तयार होतात. मुंबईजवळ मढच्या बाजूला रायोलाइट हा सिलिकायुक्त खडक आहे, पण तिथेही आडवे येते वय. नैसर्गिक काच कालांतराने पाणी शोषते आणि हळूहळू स्फटिकरूप होते. म्हणून जगात आढळणारा बहुतेक ऑब्सिडियन भूशास्त्रीय दृष्टीने तरुण आहे, तर दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा.

लोणारची गोष्ट वेगळी आहे. ते विवर अशनीच्या आघाताने झाले आहे आणि त्या आघाताने वितळलेल्या बेसाल्टच्या काचेचे कण तिथे खरोखरच आहेत. मात्र ते अभ्यासासाठी मोलाचे आहेत, झिलईसाठी नव्हेत. शिवाय लोणार हे अभयारण्य असल्यामुळे तिथला खडा उचलून आणणे योग्यही नाही आणि कायदेशीरही नाही. ऑब्सिडियन विकतच घ्यावा लागतो. घेताना तो गर्द निळा किंवा पारदर्शक हिरवा असेल आणि आत गोल बुडबुडे दिसत असतील, तर बहुधा ती कारखान्याची काच आहे. तीही चांगली चकाकते, फक्त तिला ऑब्सिडियनचा भाव देऊ नये.