मे महिन्यात पाच जणांनी दहा दिवसांत आयर्लंड कसं बघावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि सत्तरीतले सासू-सासरे असे पाच जण मे महिन्यात पुण्याहून दहा दिवसांसाठी येताय. सगळे शाकाहारी आहात. भाड्याच्या गाडीने बेलफास्टसकट अख्ख्या बेटाला फेरी मारायचा बेत आहे, तो जमेल का आणि काय काळजी घ्यावी?

मी गॉलवेत राहते. भारतातून येणाऱ्या नातेवाइकांचे आणि मैत्रिणींच्या आई-वडिलांचे बेत बहुतेक वेळा मीच आखून देते, त्यामुळे आधी थेट उत्तर देते: अख्खी फेरी मारू नका. आयर्लंड प्रजासत्ताक महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहूनही लहान आहे, म्हणून नकाशा बघितला की वाटतं सगळं सहज होईल. मोठे मोटरवे मात्र डब्लिनमधून बाहेर पडतात आणि बघण्यासारखं बरंचसं पश्चिम किनाऱ्यावर आहे. तिथले रस्ते अरुंद, वळणाचे, दोन्ही बाजूंना दगडी बांध असलेले. मोबाइल दोन तास सांगतो तिथे तीन धरा. रोज बॅगा भरायच्या, रोज नवं हॉटेल शोधायचं, यात सत्तरीतली माणसं दमतात आणि त्यांच्याबरोबर सगळेच. तीन मुक्काम करा: डब्लिन, गॉलवे, किलार्नी. तेवढ्यात हा देश चांगला कळतो.

आता व्हिसा, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसा क्षेत्रात, नाही. शेंगेन व्हिसावर इथे येता येत नाही आणि आयर्लंडच्या व्हिसावर पॅरिसला जाता येत नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग व्हिसा अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस कंपनीच्या केंद्रात कागदपत्रं आणि बोटांचे ठसे द्यायचे. फी एकदा प्रवेशासाठी 60 युरो, अनेकदा प्रवेशासाठी 100. प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपर्यंत अर्ज करता येतो आणि निर्णयाला आठ आठवडे लागतील असं धरून चला. म्हणजे मेसाठी फेब्रुवारीतच अर्ज गेला पाहिजे. निर्णय हातात येईपर्यंत परत न मिळणारी तिकिटं काढू नका, हे व्हिसा खातंही सांगतं. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, रजा मंजूर असल्याचं ऑफिसचं पत्र आणि खर्च कोण करणार हे स्पष्ट सांगणारं पत्र जोडा. सासू-सासऱ्यांचा खर्च तुम्ही करणार असाल तर नातं सिद्ध करणारे कागद लागतील, ते आत्तापासून गोळा करा. मुलीचा जन्मदाखला ठेवाच.

बेलफास्टचं वेगळं आहे. ते उत्तर आयर्लंडमध्ये आहे आणि उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचा भाग. सीमेवर नाका नाही, पाटीही सहसा नाही, रस्त्यावरच्या वेगमर्यादा किलोमीटरऐवजी मैलात दिसू लागल्या की समजायचं आपण पलीकडे आलो. नाका नसला तरी कायद्याने तुमच्याकडे तिथला वैध व्हिसा हवाच, आणि सीमेपलीकडच्या बस-ट्रेनमध्ये कधीकधी तपासणी होते. भारतीयांसाठी ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना आहे. व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ अशी नोंद असेल तर एकाच व्हिसावर दोन्हीकडे जाता येतं, मात्र ज्या देशाने व्हिसा दिला तिथे आधी उतरावं लागतं. पासपोर्ट परत आला की सगळ्यात आधी ती नोंद पाचही पासपोर्टवर आहे का ते बघा. एकावर जरी नसेल तर उत्तरेचा विचार सोडून द्या.

नोंद असली तरी माझं मत तुमच्या बेतातून उत्तरेचा भाग वगळा असंच आहे. जायंट्स कॉजवे सुंदर आहे यात शंका नाही: समुद्रात उतरत गेलेले बेसॉल्टचे सुमारे 40,000 खांब. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिली असेल तर तोच दगड आणि तसेच उभे खांब, इथे ते लाटांमध्ये आहेत. पण तेवढ्यासाठी डब्लिनहून सकाळी निघून रात्री परतायचं म्हणजे आजी-आजोबांचा दिवस बसमध्ये जातो.

विमान आखातातून घ्या. दुबई, दोहा, अबू धाबीहून डब्लिनला थेट विमानं आहेत. लंडनमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तरी ट्रान्झिट व्हिसाचे नियम तपासल्याशिवाय काढू नका.

डब्लिनमध्ये तीन रात्री राहा आणि त्या काळात गाडी घेऊ नका. पार्किंग महाग, रस्ते एकेरी, आणि शहराचा मधला भाग चालण्याजोगा. विमानतळावरून शहरात ट्रेन नाही, बस किंवा टॅक्सी. पर्यटकांसाठीचं लीप व्हिजिटर कार्ड घेतलं की बस, ट्राम आणि किनाऱ्याने धावणारी डार्ट ट्रेन सगळं त्यावर चालतं. डार्टने होथला जा; बंदर आहे, सील दिसतात, आजोबांना बसायला बाकं आहेत. राष्ट्रीय संग्रहालय आणि राष्ट्रीय कलादालन फुकट आहेत. डब्लिन कॅसलच्या आवारातलं चेस्टर बीटी संग्रहालयही फुकट, आणि ते मी कुणालाच चुकवू देत नाही. मुघल लघुचित्रं, कुराणाच्या हस्तलिखित प्रती, जपानी चित्रं असा खजिना एका माणसाने जमवून या देशाला दिला.

किलमेनम तुरुंग मात्र आधी आरक्षण केल्याशिवाय मिळत नाही. तिकिटं 28 दिवस आधी खुली होतात आणि लवकर संपतात, मोबाइलवर तारीख लावून ठेवा. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या 1916च्या उठावाच्या नेत्यांना इथल्याच अंगणात गोळ्या घालण्यात आल्या. सेल्युलर जेल पाहिलेल्या माणसाला इथे वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. न्यूग्रेंजचंही आरक्षण हवं. इसवी सनापूर्वी 3200च्या सुमाराचं ते दफनस्थळ पिरॅमिडांहून जुनं आहे. हिवाळ्यात सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास सूर्याचा किरण त्याच्या गाभ्यापर्यंत जातो. इतर वेळी तो प्रकार आत दिव्याने दाखवतात. आतली वाट अरुंद आहे आणि वाकून जावं लागतं, त्यामुळे सासूबाईंचे गुडघे किंवा कंबर दुखत असेल तर त्यांना बाहेरचं संग्रहालयच पुरेल.

चौथ्या दिवशी विमानतळावरूनच गाडी घ्या आणि गॉलवेकडे निघा. अडीच तासांचा रस्ता आहे. अॅथलोनजवळ वाट वाकडी करून शॅनन नदीकाठचा क्लॉनमॅकनॉइजचा प्राचीन मठ बघा: सहाव्या शतकात स्थापन झालेला, कोरीव दगडी क्रूस असलेला, आणि सहसा गर्दी नसलेला.

गॉलवेतून दोन दिवस दोन दिशांना. एक दिवस मोहरचे समुद्रकडे आणि बरेनचं खडकाळ माळरान. कडे सर्वांत उंच जागी 214 मीटर. तिकीट ऑनलाइन घ्या, वेळेनुसार दर बदलतो, आणि दुपारच्या बसगाड्या गेल्यावर, संध्याकाळी जा. मेमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्याचा फायदा घ्या. धुकं असेल तर समोर पांढऱ्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही, म्हणून दोनपैकी कुठल्या दिवशी जायचं ते आदल्या रात्रीचं हवामान बघून ठरवा. आणि कळकळीने सांगते, मुलीचा हात सोडू नका आणि फोटोसाठी दगडी फरशांच्या कठड्यापलीकडे कुणीही पाऊल टाकू नका. वारा अचानक येतो, माणसं गेली आहेत तिथे.

दुसरा दिवस कॉनेमाराचा. तळी, दलदलीची माळरानं, मेंढ्या, मागे निळसर डोंगर आणि तळ्याकाठी उभं असलेलं काइलमोर अॅबे. वाटेत बॅलिनहिंचला थांबा. ज्यांच्या नावाने आपली रणजी करंडक स्पर्धा खेळली जाते ते जामसाहेब रणजितसिंहजी यांनी 1920च्या दशकात तिथला वाडा विकत घेतला होता, आणि उन्हाळ्यात ते सॅमन मासेमारीसाठी येत. आता तिथे हॉटेल आहे. चहा घेऊन नदीकाठी फिरता येतं. सासरे क्रिकेटवाले असतील तर त्यांना ही जागा लक्षात राहील. अॅरन बेटांचा मोह होईल, पण तो तिसरा पूर्ण दिवस मागतो. बोट हलते, आणि इनिश मोरवरच्या डून एंगस किल्ल्याची चढण खडकाळ आहे.

गॉलवेहून किलार्नीला जाताना लिमरिकच्या रस्त्याने न जाता किलिमर ते टारबर्ट ही गाडीसकटची फेरीबोट घ्या. वीस मिनिटांत शॅननचं मुख ओलांडता आणि मुलीला बोटीचा प्रवास मिळतो. किलार्नीत दोन रात्री. रिंग ऑफ केरीचा 179 किलोमीटरचा पूर्ण फेरा मारू नका, दिवस गाडीतच संपतो. त्याऐवजी राष्ट्रीय उद्यानात मक्रॉस हाउस, टॉर्क धबधबा आणि लेडीज व्ह्यूपर्यंत जा. टांगे मिळतात, आजी-आजोबांसाठी ते उत्तम. स्केलिग मायकल बेटाची चित्रं बघून कुणी आग्रह धरला तरी तुमच्या घरासाठी नको: 618 दगडी पायऱ्या, बहुतेक ठिकाणी कठडा नाही, आणि समुद्र खवळला की बोट रद्द. परतताना थोडा वळसा घेऊन रॉक ऑफ कॅशेल हे टेकडीवरचं जुनं धर्मस्थळ, आणि शेवटची रात्र डब्लिन विमानतळाजवळ.

गाडीबद्दल. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, त्यामुळे हात लवकर बसतो. भारतीय परवाना पाहुण्यांना चालतो. तरी आंतरराष्ट्रीय परवाना बरोबर ठेवा, गाडी देणारे मागतात. ऑटोमॅटिक हवी असेल तर आरक्षणातच तसं निवडा, नाहीतर गियरची मिळते. मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, डेबिट कार्डावर बरेच जण गाडी देत नाहीत, आणि कार्डावर मोठी रक्कम अडकवून ठेवतात तेवढी मर्यादा हवी. विम्यातला ‘एक्सेस’, म्हणजे नुकसान झालं तर तुमच्या खिशातून जाणारी रक्कम, नीट वाचा. अरुंद रस्त्यांवर बांधाला घासून दारावर ओरखडे पडणं इथे नेहमीचं आहे, म्हणून मी पूर्ण विमा घ्यायला सांगते. पाच माणसं आणि पाच मोठ्या बॅगा लहान गाडीत मावत नाहीत. एकतर मोठी गाडी किंवा कमी सामान. मुलगी 150 सेंटिमीटरपेक्षा बुटकी आणि 36 किलोपेक्षा हलकी असेल तर तिला बूस्टर सीट कायद्याने आवश्यक आहे.

लहान ग्रामीण स्थानिक रस्त्यांची सर्वसाधारण वेगमर्यादा फेब्रुवारी 2025पासून ताशी 80वरून 60 किलोमीटर झाली आहे, जुनी माहिती वाचून येऊ नका. डब्लिनच्या एम50 रस्त्यावर टोलनाका नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत पैसे भरायचे असतात. ते कंपनी भरते की तुम्ही, हे गाडी घेतानाच विचारा. अरुंद रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला तर जिथे जागा असेल तिथे बाजूला घ्या. तो स्टिअरिंगवरून एक बोट उचलून आभार मानेल, तुम्हीही तसंच करा.

मे निवडलात हे फार चांगलं. मे आणि जून इथले सर्वांत जास्त उन्हाचे महिने. तरी पाऊस येणारच: मुंबईइतका तो कधीच कोसळत नाही, पण पश्चिमेला वर्षातले सव्वादोनशे दिवस काही ना काही शिंपडतो. छत्री वाऱ्याने उलटी होते, टोपीवालं वॉटरप्रूफ जॅकेट प्रत्येकाला घ्या. त्याखाली एक स्वेटर, पायात न घसरणारे बूट. साडीवर स्वेटर घालून कड्यावर उभं राहता येत नाही, सासूबाईंसाठी पँट आणि थर्मल नक्की आणा.

जेवणाचं तुम्हाला वाटतंय तितकं अवघड नाही. मेन्यूवर शाकाहारी पदार्थांना खूण असते. तरी सूप मागवताना त्यात चिकनचा स्टॉक आहे का आणि फ्रेंच फ्राइज मासे तळलेल्याच तेलात तळतात का हे विचारा, लोक खरं सांगतात. नाश्त्यातलं ‘ब्लॅक पुडिंग’ गोड नसतं, त्यात रक्त असतं. ब्राउन ब्रेड, लोणी, पॉरिज, बटाटा हे सगळं उत्तम. लहान गावांत स्वयंपाकघर साडेआठ-नऊला बंद होतं. उजेड असल्यामुळे वेळ कळत नाही आणि मग उपाशी राहायची पाळी येते. म्हणून गॉलवे आणि किलार्नीत हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. संध्याकाळचा वरणभात घरी झाला की आजी-आजोबा दुसऱ्या दिवशी ताजेतवाने असतात. पबमध्ये लोकसंगीत ऐकायला दारू प्यावी लागत नाही, चहा मागितला तरी चालतो. मेमध्ये मुलांना पालकांबरोबर रात्री दहापर्यंत बसता येतं.

भारतातून तूप, पेढे, बर्फी, खवा आणू नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. हापूस आणि ताजा कढीपत्ताही कृषी प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. चिवडा, चकल्या, बाकरवडी, मेतकूट, कोरडी चटणी खुशाल आणा. इथलं लोणी इतकं चांगलं आहे की पहिल्याच संध्याकाळी तूप कढवता येईल.

सासू-सासऱ्यांची औषधं पूर्ण दिवसांची आणि चार दिवस जास्तीची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत ठेवा; भारतातल्या चिठ्ठीवर इथल्या दुकानात औषध मिळत नाही. प्रवास विम्यात आधीपासूनच्या आजारांचा समावेश आहे का ते बघा. प्लग ब्रिटिश तीन पिनांचा. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या विकत घेऊ नका. घेतल्यात तर वर 15 किंवा 25 सेंट अनामत लागते, ती सुपरमार्केटच्या यंत्रात रिकामी बाटली टाकून परत घ्या. कार्ड यंत्राने रुपयांत की युरोत असं विचारलं तर युरो निवडा.