गोळी तुटू देऊ नकोस

प्रिय डॉक्टर,

तुझं पत्र वाचलं. जेलच्या दवाखान्यात रुजू होऊन तीन आठवडे झाले आणि तुला सतावतंय काय, तर रांगेतला खरा आजारी कोण नि ढोंगी कोण! अगं, हा प्रश्न हवालदारांचा आहे, त्यांचा त्यांना परत कर. तुझा प्रश्न एवढाच की कुणाचं औषध कुठे तुटतंय, म्हणजे मधेच बंद पडतंय.

ते तुटतं गेटवर. आत येताना, कोर्टाच्या तारखेला जाताना, दुसऱ्या जेलला बदली होताना आणि सुटताना.

अंगझडतीत खिशातल्या गोळ्या निघतात आणि बाकीच्या सामानाबरोबर जमा होतात. ते पाकीट तुझ्या टेबलावर आलंच पाहिजे, हे गेटवरच्या प्रत्येक पाळीला स्वतः जाऊन सांग. आकडीच्या गोळ्या दोन दिवस चुकल्या की तिसऱ्या दिवशी बराकीत माणूस कोसळू शकतो. नव्या बंद्याला तपासून नोंद करायची, हे 1894 च्या कारागृह कायद्याच्या कलम 24 मध्येच लिहिलेलं होतं. कैद्यांच्या वागणुकीबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या नेल्सन मंडेला नियमांत उपचार अखंड ठेवायला सांगणारा नियमही 24 वाच. योगायोग, पण कुणी वाद घातला तर उपयोगी पडतो.

दारूही तुटते. ‘पितोस का?’ विचारलंस तर सगळे नाही म्हणतील. ‘शेवटची कधी घेतलीस?’ असं विचार. 6 ते 24 तासांत हात थरथरायला लागतात, 48 तासांच्या आत झटका येऊ शकतो, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी माणूस भिंतीवर नसलेले किडे वेचायला लागतो. बराकीत त्याला नाटक म्हणतात आणि काठी दाखवतात. त्याला हवं असतं डायझेपाम, झटके आणि थरथर थांबवणारं शामक औषध. आणि ग्लुकोज चढवायच्या आधी थायमिन (ब-1 जीवनसत्त्व), हा क्रम उलटा नको.

इन्सुलिनकडे नीट बघ, इथेच सगळे फसतात. संध्याकाळचं जेवण बराक बंद व्हायच्या आधी, उजेडीच वाटतात. बंदी ते झाकून ठेवतो आणि रात्री आठला जेवतो. तू मात्र पाचला जेवणाआधीचं इंजेक्शन देऊन घरी गेलेली. साडेसातला त्याला दरदरून घाम फुटतो, तो बरळतो, आणि चावी दुसरीकडे. म्हणून ताट हातात असेल तेव्हाच सुई, आणि चार घास तुझ्यासमोर. उशाला साखरेची पुडी, आणि शेजारी झोपणाऱ्याला लक्षणं सांगून ठेवायची.

उद्या तारखेला कोण जाणार, ही यादी आदल्या संध्याकाळी कार्यालयात तयार असते. ती माग आणि चालू औषधांच्या वहीशी ताडून बघ. सकाळचा डोस गाडीत चढण्याआधी, दुपारचा नाव घातलेल्या पाकिटात. गार्ड कुरकुर करेल, करू दे.

आता सुटका. जामिनाचा कागद संध्याकाळी येतो आणि तासाभरात माणूस बाहेर. क्षयाचे उपचार किमान सहा महिन्यांचे. दुसऱ्याच महिन्यात तो गावी गेला आणि गोळी तुटली, तर पुढे औषधाला दाद न देणारा क्षय घरभर वाटतो. सुटकेच्या दिवशी धावपळ करून हे साधत नाही. उपचार सुरू करतेस त्याच दिवशी पाकीट भरून ठेवायचं: सात दिवसांच्या गोळ्या, निक्षय क्रमांक (सरकारी क्षयनोंदणीतला), वजन, औषध कधी सुरू झालं, घरच्यांचा फोन, तालुका. आणि त्याला आत ठेवण्याच्या कोर्टाच्या हुकमाला, म्हणजे वॉरंटला, एक रंगीत चिठ्ठी टाचायची, ‘सोडण्यापूर्वी दवाखान्याला कळवा’. एचआयव्हीच्या आणि मनोविकाराच्या गोळ्यांनाही हाच नियम. बदलीच्या वेळीही हेच पाकीट बंद्याबरोबर जातं.

मनोविकारावरून आठवलं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे दर तिमाहीला तुला अहवाल द्यावा लागतो. ‘एकही मनोरुग्ण नाही’ असा तयार कागद सहीसाठी समोर येईल. फेरी मारल्याशिवाय सही केलीस तर मला पत्र लिहू नकोस.

मला किरकिऱ्या म्हणत, पाकीटवाला म्हणत. म्हणोत. वरिष्ठांशी जुळवून घेतलं असतं तर नोकरी सुखाची झाली असती, हेही ऐकवलं गेलं. मला खंत आहे ती वेगळीच: हे सगळं मी फार उशिरा सुरू केलं.

राजीनाम्याचं लिहिलंयस. द्यायचा तर दे, तुझी अडचण मला कळते. पण आधी चालू औषधांची वही पुरी कर आणि ती कुठल्या कपाटात आहे हे कंपाउंडरला दाखवून ठेव. डॉक्टर बदलला की गोळी तिथेही तुटते.

तुझा,
सर