वाचकांचे प्रश्न: गल्ल्यातले पैसे नेमके कोणाचे?

या वेळच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावरची निघाली. कर्ज देणारी संस्था कर्जाबरोबर ‘व्यवसाय आणि आर्थिक कौशल्यां’चं प्रशिक्षणही देते, ते घ्यावं का, आणि घेतलं तर हाती काय लागतं? मी पंधरा वर्षं कर्ज मंजूर करणाऱ्या खुर्चीत बसले आणि गेली नऊ वर्षं फळ्यापुढे उभी राहते. त्यामुळे दोन्हीकडच्या लबाड्या मला चांगल्या ठाऊक आहेत. त्यात माझ्याही आल्या.

प्रश्न: अकरा वर्षं शिवणकामाचा धंदा करतोय. तीन मशिनी, दोन कारागीर. आजवर एकही हप्ता चुकलेला नाही. आता वाढीव कर्ज मागितलं, तर संस्थेने सहा आठवडे, दर आठवड्याला एक अख्खी दुपार प्रशिक्षणाची अट घातली. हे लोक मला काय शिकवणार? आणि सहा दुपारची कमाई कोण भरून देणार?

तुमचा राग रास्त आहे. कमाई कोणी भरून देणार नाही, आणि त्या सहा दुपारी वायाही जाऊ शकतात. मी स्वतः लोकांच्या कितीतरी दुपारी वाया घालवल्या आहेत.

माझ्या पहिल्या तुकडीला मी ताळेबंद शिकवला होता. मालमत्ता या बाजूला, देणी त्या बाजूला, मग घसारा, म्हणजे वापराने वस्तूची दरवर्षी घटणारी किंमत. फळा भरून गेला की मला बरं वाटायचं. चौथ्या दुपारी मागच्या बाकावरच्या एका पन्नाशीच्या बाईंनी विचारलं, “मॅडम, संध्याकाळी मी गल्ल्यातून घरखर्चाला पैसे काढते. ते कुठल्या बाजूला लिहू?” मी म्हटलं, “त्याला उचल म्हणतात, ते पुढे येईल,” आणि घसाऱ्याकडे वळले. त्या पाचव्या दुपारी आल्या नाहीत. सहा महिन्यांनी मी एकेकाच्या दुकानात जाऊन वह्या पाहिल्या, तर बहुतेक वह्या तिसऱ्या-चौथ्या पानावर थांबलेल्या. खरा प्रश्न त्या बाईंनी विचारला होता. मी तो टाळून पुढे गेले.

हे माझ्या एकटीच्याच वर्गात घडलं नाही, हे पुढे वाचनात आलं तेव्हा जरा हलकं वाटलं. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये आडोपेम नावाच्या संस्थेच्या छोट्या कर्जदारांवर एक प्रयोग झाला. ड्रेक्सलर, फिशर आणि शोअर या तीन अर्थतज्ज्ञांनी तो २०१४ साली प्रसिद्ध केला. एका गटाला रीतसर हिशेबशास्त्र शिकवलं आणि दुसऱ्या गटाला फक्त काही ठोक नियम दिले. त्यातला मुख्य नियम असा: धंद्याचे पैसे एका खणात, घरचे दुसऱ्या खणात, आणि या खणातून त्या खणात पैसे न्यायचे तर चिठ्ठी लिहून ठेवायची. रीतसर हिशेब शिकलेल्यांच्या वागण्यात म्हणावा असा फरक दिसला नाही. दोन खणवाल्यांच्या नोंदी मात्र सुधारल्या, आणि मंदीच्या आठवड्यांतली त्यांची विक्रीही सावरली. माझ्या त्या बाईंना नेमकं हेच हवं होतं.

आता तुमचं ‘मला काय शिकवणार’. पेरू देशात फिंका या संस्थेच्या बचत-कर्ज गटांत कार्लन आणि व्हाल्दिव्हिया यांनी असाच अभ्यास केला (तो २०११ मध्ये छापून आला). प्रशिक्षणाने लोकांची माहिती वाढली, काही सवयी सुधारल्या, पण नफा ठळकपणे वाढल्याचं काही दिसलं नाही. म्हणजे तुमची शंका बरोबर. त्यातच एक गंमत मात्र आहे. सुरुवातीला ज्यांनी ‘आम्हाला प्रशिक्षणात फारसा रस नाही’ असं सांगितलं होतं, त्यांनाच जास्त फायदा झाला. तेव्हा कंटाळत का होईना, जा.

जाण्याआधी संस्थेला दोन गोष्टी विचारा. वर्गात माझ्या धंद्याचे आकडे घेऊन काम होणार, की पुस्तकातल्या काल्पनिक दुकानाचे? आणि वर्ग संपल्यावर कोणी माझ्या जागेवर येऊन बघणार आहे का? दोन्हींची उत्तरं नकारार्थी आली, तर आपली वही आपणच घेऊन जा आणि शिक्षकाला ती उघडायला लावा. शिकवतात काय, यानेही फरक पडतो. टोगो या आफ्रिकी देशाच्या राजधानीत, लोमेमध्ये, १,५०० छोट्या व्यावसायिकांवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे नेहमीच्या पद्धतीचं व्यवसाय प्रशिक्षण घेतलेल्यांचा नफा सरासरी ११ टक्क्यांनी वाढलेला दिसला, पण तो योगायोग नव्हे असं खात्रीने सांगता येईना. दुसऱ्या गटाला पुढाकार घ्यायला शिकवलं होतं: इतरांपेक्षा वेगळं काय देता येईल ते शोधा, अडचण येण्याआधी तिची तजवीज करा, गिऱ्हाइकाची वाट बघत बसू नका. त्या गटाचा नफा ३० टक्क्यांनी वाढला.

तुमच्यापुरतं एक काम सांगते. ते शिकायला वर्गही लागत नाही. एक आठवडाभर प्रत्येक मशिनीला एक कागद टाचून ठेवा. काम हातात घेतलं की वेळ, संपलं की वेळ, आणि त्या कामाचे किती मिळाले. आठवड्याच्या शेवटी मिळकतीला तासांनी भागा. नवीन कपडा शिवण्यात जास्त पैसा आहे असं बहुतेकांना वाटतं. असेलही. पण उसवणं, आत घेणं, चेन बदलणं अशी ‘पाच मिनिटांची’ कामं खरोखर किती तास खातात, हे कागदाशिवाय कळत नाही. कधी उलटंही निघतं, किरकोळ कामंच तासाला जास्त देतात. वाढीव कर्जातून चौथी मशीन घ्यायची असेल, तर ती कोणत्या कामासाठी घ्यायची ते या कागदावरून ठरवा.

प्रश्न: वहीत दर महिन्याला नफा दिसतो, पण हप्त्याच्या दिवशी हातात पैसे नसतात. १०० ला घेतलेली वस्तू मी १२५ ला विकते. गिऱ्हाईक टिकावं म्हणून २० टक्के सूट देते, तरी पाच टक्के उरतातच. मग पैसा जातो कुठे?

आधी ते पाच टक्के. ते उरत नाहीत हो. २५ टक्के तुम्ही १०० वर चढवले आणि २० टक्के सूट दिलीत १२५ वर. १२५ चे २० टक्के म्हणजे २५. सूट वजा जाता वस्तू गेली बरोबर १०० ला, म्हणजे घेतली त्याच किमतीला. वर वाहतूक, जागेचं भाडं, वीज आणि तुमचा दिवस फुकट. १० टक्केच सूट दिलीत तर उरतात साडेबारा; म्हणजे नफा निम्मा, आणि तेवढेच पैसे मिळवायला दुप्पट माल खपवावा लागेल. सूट द्यायला माझी हरकत नाही. फक्त ती १२५ मधून नाही, त्या २५ मधून जाते, एवढं डोक्यात असू द्या.

आता हप्त्याचं बघू. समजा सूट वगैरे काही न देता महिन्यात तुम्ही ६० वस्तू रोखीने आणल्या. गेले ६,०००. त्यातल्या ४० विकल्या. २५ रोखीने, त्याचे आले ३,१२५. उरलेल्या १५ उधारीवर, त्याचे १,८७५ यायचे आहेत. वहीत नफा किती? ४० वस्तूंवर प्रत्येकी २५, म्हणजे १,०००. आणि गल्ल्यात? आले ३,१२५, गेले ६,०००. म्हणजे २,८७५ ची तूट! पैसा कोणी चोरलेला नाही. फळीवर २० वस्तू पडून आहेत, त्यांत २,००० अडकले. लोकांच्या खिशात १,८७५. दोन्ही मिळून ३,८७५, त्यातले १,००० तुमच्या नफ्याचे. उरले २,८७५, ते तुम्ही जुन्या शिलकीतून किंवा कर्जातून घातले. हिशेब पैशापर्यंत जुळला.

त्यात हप्त्याची आणखी एक मेख आहे. हप्त्यातलं व्याज हा खर्च, तो नफ्यातून आधीच वजा होतो. मुद्दल हा खर्च नव्हे, ते तुम्ही परत देताय. त्यामुळे ते नफ्या-तोट्याच्या पानावर दिसतच नाही, पण पैसे मात्र जातात. कर्ज आलं त्या दिवशी ते उत्पन्न म्हणून लिहिलं नव्हतंत ना? लिहिलं असेल तर आधी ते खोडा. मी खुर्चीत असताना अशी पानं बरीच पाहिली; कर्ज मिळालं त्या महिन्यात धंदा झोकात दिसायचा.

काय करायचं? माल थोडा-थोडा आणा, घाऊक खरेदीतली चार पैशांची सवलत गेली तरी चालेल. उधारीला कमाल मर्यादा ठरवा, आणि ती माणसागणिक न ठेवता एकूण ठेवा; ती भरली की त्या महिन्यात नवी उधारी कोणालाच नाही. हप्ता महिन्याचा असला तरी दर आठवड्याला त्याचा चौथा हिस्सा गल्ल्यातून काढून वेगळा ठेवा. आणि स्वतःला पगार ठरवा. रक्कम लहान असू दे, पण ठरलेली आणि ठरल्या तारखेला. बाकीच्या दिवशी गल्ल्यात हात घातलात तर चिठ्ठी.

प्रश्न: कर्ज माझ्या पत्नीच्या नावावर आहे, म्हणून प्रशिक्षणाला तिला बोलावलंय. ती एकटी जायला तयार नाही. तिच्याऐवजी मी गेलो तर? तसाही हिशेब मीच बघतो.

नको. सही तिची, देणं तिचं, आणि हिशेब तुम्ही बघणार, हेच मला पटत नाही. एकटीला जायचं नसेल तर मैत्रिणीला बरोबर घेऊन जाऊ दे. अहमदाबादच्या सेवा बँकेच्या, म्हणजे कष्टकरी स्त्रियांच्या सहकारी बँकेच्या, ग्राहक स्त्रियांना दोन दिवसांचं व्यवसाय मार्गदर्शन दिलं होतं. त्यांतल्या काहींना मैत्रिणीसह बोलावलं, काहींना एकटीला. फरक पडला तो फक्त मैत्रिणीबरोबर आलेल्यांत. त्यांनी धंद्यासाठी कर्ज जास्त घेतलं, काम वाढवलं, घरातलं उत्पन्न वाढलं. बाहेर जाण्या-येण्यावर ज्यांना बंधनं होती, त्यांच्यात हा परिणाम आणखी ठळक होता. संस्थेला विचारा, बहुधा नाही म्हणणार नाहीत. तुम्ही तेवढे दिवस दुकान सांभाळा.

प्रश्न: एक जण १२ टक्क्यांनी कर्ज देतोय, दुसरा १८ टक्क्यांनी. वर्गात ‘फ्लॅट’ आणि ‘घटती शिल्लक’ असं काही सांगितलं, पण मला ते समजलं नाही आणि विचारायची लाज वाटली. १२ वालं घेतो आहे, बरोबर ना?

थांबा, सही करू नका. कर्ज १,२०,००० आणि मुदत बारा महिने धरा. ते १२ टक्के फ्लॅट असतील, तर पूर्ण १,२०,००० वर वर्षभराचं व्याज, १४,४००. हप्ता ११,२००. पण पूर्ण रक्कम तुमच्याकडे वर्षभर असते कुठे? पहिल्या हप्त्यापासून ती कमी होत जाते, आणि शेवटच्या महिन्यात जेमतेम १०,००० तुमच्याकडे उरलेले असतात. व्याज मात्र तुम्ही १,२०,००० वरच भरत असता. खरा दर काढला तर तो साडेएकवीस टक्क्यांच्या जवळ जातो.

१८ टक्के घटत्या शिलकीवर, म्हणजे दर महिन्याला फेडायचं उरलेल्या मुद्दलावरच, असतील तर त्याच रकमेचा हप्ता साधारण ११,००२ बसतो आणि वर्षाचं व्याज साधारण १२,०१९. म्हणजे १८ वालं स्वस्त पडलं. दोघांनाही एवढंच विचारा: माझ्या हातात नेमके किती पडणार, आणि मी एकूण किती परत करणार? प्रोसेसिंग फी, विमा, काय कापायचं ते हातात पडण्याआधीच कापलेलं असतं, म्हणून पहिला प्रश्न पहिला. आकडे कागदावर लिहून मागा. मुदत सारखी नसेल तर दोघांकडूनही सारख्या मुदतीचेच आकडे घ्या.

आणि वर्गात विचारायची लाज वाटली म्हणता. दर तुकडीत हा धडा संपला की मी विचारते, “कळलं ना?” सगळे माना डोलावतात. मग मी हेच दोन दर फळ्यावर लिहून स्वस्त कोणतं ते विचारते, आणि जवळजवळ सगळे १२ म्हणतात.

प्रश्न: हिशेब मोबाइलवर ठेवू की वहीत?

गिऱ्हाईक समोर उभं असताना जे हाताशी असेल त्यात. माझ्या ओळखीचे एक सायकल दुरुस्तीवाले भिंतीवर खडूने लिहितात आणि रात्री वहीत उतरवतात. त्यांचे हात दिवसभर ग्रीसने माखलेले, मोबाइल धरणार कसा? उधारी मात्र कशातही लिहा, पण माणूस समोर असतानाच लिहा आणि लिहिलेला आकडा त्याला वाचून दाखवा.