आधी साखळी वाचा, मग मजकूर

हदीसच्या, म्हणजे पैगंबर मुहम्मद यांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींच्या, अभ्यासाला लागलात, छान. पण थेट बुखारींच्या प्रसिद्ध हदीस-संग्रहाला हात घालू नका. बुखारी वारले 870 मध्ये, पैगंबर 632 मध्ये. मधली दोनशेहून अधिक वर्षं नुसती तोंडी गेली, हा समज आधी डोक्यातून काढा.

सुरुवात हम्माम इब्न मुनब्बिह यांच्या सहीफ्यापासून करा. सहीफा म्हणजे छोटी लिखित वही. हम्माम येमेनचे, पैगंबरांचे सहकारी अबू हुरैरा यांचे शिष्य. गुरूंकडून ऐकलेल्या सुमारे 138 हदीस त्यांनी त्यात उतरवल्या. मूळचे हैदराबादचे विद्वान मुहम्मद हमीदुल्लाह यांनी बर्लिन आणि दमास्कसमधल्या हस्तलिखितांवरून तो विसाव्या शतकात छापून आणला. नंतर तो अहमद इब्न हंबल यांच्या 'मुसनद' या मोठ्या हदीस-संग्रहाशी ताडून पाहा. दोन्हींतला मजकूर बहुतांशी जुळतो. या कामाला एखादा रविवार सहज जाईल, जाऊ द्या!

वाचताना इस्नाद, म्हणजे कोणी कोणाकडून ऐकलं ती नावांची साखळी, गाळू नका. मीही नवखेपणी ती गाळून मत्नावर, म्हणजे मूळ मजकुरावर, उडी मारायचो आणि मग सगळाच गोंधळ व्हायचा. सुरुवातीच्या काळातले विद्वान इब्न सिरीन यांच्या नावावर सांगितलं जातं, की आधी कोणी इस्नाद विचारत नसे. फितना, म्हणजे यादवी माजल्यावर लोक म्हणू लागले, 'तुमची माणसं सांगा.'

खलिफा उमर दुसरे (कारकीर्द 717 ते 720) यांचा हदीस-संकलनाचा आदेश आणि हदीसचे सुरुवातीचे विद्वान झुहरी यांचं काम त्यानंतर घ्या. अरबी मात्र आजपासूनच शिकायला लागा.