वैष्णोदेवीचं नाणं लाखाला जातं का?

प्रश्न: आजीच्या डब्यात वैष्णोदेवीची पाच रुपयांची दोन नाणी आणि शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं एक नाणं सापडलं. मोबाइलवर लाखांचा भाव दाखवतात, पण आधी ‘नोंदणी शुल्क’ मागतात. भरू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, एक पैसाही भरू नका. अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्येच सावध केलं होतं. वैष्णोदेवीची नाणी २०१२ ची, चलनासाठी पाडलेली. लाखाची बात सोडा.

महाराजांचं नाणं १९९९ चं. माझं पहिलं मला एसटीच्या कंडक्टरनं सुट्टे म्हणून दिलं होतं, ते मी आजही विकणार नाही. भिंगातून सालाखालची बारीक खूण पाहा: हिरा असेल तर मुंबईची टांकसाळ, चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा, काहीच नसेल तर कोलकाता. एकाच नाण्याचा एका टांकसाळीचा नग सहज मिळतो, दुसरीचा शोधावा लागतो. संग्राहक पैसे मोजतात ते याला आणि कोऱ्या चकाकीला.

आणि कृपा करून चिंच, राख लावून घासू नका! घासलेलं नाणं आम्ही संग्राहक नाकारतो.

डब्यात १९६४ चा नेहरूंचा रुपया आहे का, तेही बघा. स्वतंत्र भारताची स्मारक नाणी त्याच वर्षी सुरू झाली.