समोर कोण आहे?

प्रिय पोरी,

तू पाठवलेली तिन्ही रॅप गाणी ऐकली. एकदा हेडफोन लावून आणि एकदा फोनच्या स्पीकरवर, कारण तुझं गाणं ऐकणारे बहुतेक जण फोनवरच ऐकणार.

पहिलं टाकून दे. विदर्भाची वाघीण, संत्र्याची माती, पांढरं सोनं... एवढं तर पर्यटन खात्याच्या होर्डिंगवरही मावतं. राग मानू नकोस, मराठीतला अर्धा रॅप आज असाच आहे. आमचा जिल्हा भारी, आमचे महाराज भारी, आम्ही भारी. ‘माझ्या नादी लागू नको’ असं तू चार वेळा म्हणतेस, पण तुझ्या नादी लागलंय कोण? त्या गाण्यात तुझ्यासमोर कोणीच नाही.

कलगी-तुऱ्याच्या फडात हा प्रश्न उद्भवतच नसे. तुरेवाले शिवाच्या बाजूचे, कलगीवाले शक्तीच्या. एकानं कूट घालायचं, दुसऱ्यानं ते सोडवून उलट सवाल टाकायचा, नाही जमलं तर सगळ्या गावादेखत हार. शाहिराला बढाई मारायची मुभा होती, पण समोरचा ती लगेच उतरवायचा. पुढे 1944 मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं, तेव्हाही समोर कोणीतरी होतंच. कधी मालक, कधी सरकार. अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ नीट ऐक. मुंबईत आलेला गडी गावाकडे राहिलेल्या बायकोसाठी झुरतो, आणि बघता बघता ती मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेलं बेळगाव-कारवार होते. विरहाचं गाणं कुठे संपलं आणि सीमेचं भांडण कुठे सुरू झालं, ते सापडत नाही. आजचा एकही मराठी रॅपर मला इतकी लांब उडी मारताना दिसलेला नाही, आणि मी ऐकतो भरपूर.

आपल्याकडे रॅप पहिल्यांदा आला तोच गंमत म्हणून. 1992 चं बाबा सेहगलचं ‘ठंडा ठंडा पानी’ लोकांनी हसत हसत ऐकलं, आणि त्यानंतर बरीच वर्षं देशी भाषेतला रॅप म्हणजे विनोद, असंच समीकरण होतं. ते मोडलं मुंबईच्या पोरांनी. कुर्ल्याच्या नेझीनं 2014 मध्ये ‘आफत’ आयपॅडवर बनवलं, पुढच्या वर्षी डिव्हाइन आणि नेझीचं मिळून ‘मेरे गली में’ आलं. त्या वेळी गल्ली हा पत्ता होता. 2019 मध्ये ‘गली बॉय’ आला आणि बंगल्यात राहणारी पोरंही गल्लीची झाली. मला तो सिनेमा आवडला होता, पण त्याच्या नंतरची गाणी फारशी आवडली नाहीत.

त्याच वर्षीचं ‘द वारली रिव्होल्ट’ मात्र आजही लावतो. स्वदेशी या मुंबईच्या रॅप गटाचं गाणं, सोबत मुंबईतल्या आरेच्या जंगलातले वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर. समोर कोण आहे हे त्यात पहिल्या मिनिटातच कळतं. याच गटातला एमसी तोडफोड गुजरातीत रॅप करायचा, मुंबईत, जिथे सगळे सांगत होते की हिंदीशिवाय भागत नाही. 2022 मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी तो गेला. तुझ्या दुसऱ्या गाण्यात मधेच आलेला हिंदी अंतरा ऐकताना मला तोच आठवला. ‘जास्त लोकांपर्यंत पोचावं म्हणून’ असं तू लिहिलंस. तमिळ रॅपर अरिवूनं 2021 च्या ‘एन्जॉय एन्जामी’त आपल्या आजीची गोष्ट घातली, श्रीलंकेच्या चहामळ्यांतली, बिनजमिनीच्या माणसांची. मला तमिळचं एक अक्षर कळत नाही, तरी ते गाणं माझ्यापर्यंत पोचलं. तुझ्या गटातल्या पोरांना तुझी वऱ्हाडी अडते, असं मला वाटत नाही. आणि अमरावतीचा रॅपर हंड्रेड आरबीएच तुझ्याच भागातून पुढे गेलाय, तेव्हा वाट अगदीच कोरी नाही.

आता कारागिरीचं, कारण तिथे तू खरंच घसरतेस. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे आला, गेला, मेला, केला असं यमक फुकट मिळतं. फुकटचं यमक कानाला लगेच कळतं. चौथ्या ओळीला मला पाचवीचा शेवट आधीच ठाऊक असतो, मग पंच, म्हणजे शेवटचा ठोसा, कसला बसणार? यावर तोडगा जुनाच आहे. मोठ्या अभंगाची मोजणी कर: सहा, सहा, सहा, चार अक्षरं. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात, ‘विटेवरी’ला ‘कटावरी’, आणि शेवटचा आखूड चरण बिनयमकाचा, मोकळा. म्हणजे यमक पोटात आणि घाव शेवटी. हे बीटवर बसवून बघ. सोळा बार, म्हणजे सोळा ओळी, नकोत, चारच लिही.

वऱ्हाडीही अर्धीमुर्धी नको. एका ओळीत ‘मले’ आणि पुढच्या ओळीत ‘मला’ असं का होतं? बहुधा लिहिताना शाळेतली बाई आठवते. ‘करून रायलो’ या रूपात जो ठेका आहे तो ‘करतो आहे’त नाही, तुला तो आयता मिळालाय.

तिसरं गाणं. यासाठीच खरं तर पत्र लिहायला बसलो. त्यातल्या त्या चार ओळी, व्यापारी गाडीत हात घालून मूठभर कापूस दाबतो आणि म्हणतो, ‘ओल लय आहे, एवढा भाव नाही भेटत’, त्या उत्तम आहेत. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर निदान ओलावा मोजायचं यंत्र असतं, 8 टक्क्यांच्या वर गेला की पैसे कापतात, 12 च्या वर मालच घेत नाहीत. तुझ्या व्यापाऱ्याचं यंत्र म्हणजे त्याचा तळहात. इथे तुझ्यासमोर माणूस उभा राहिला आणि तू लगेच त्याला सोडून पुन्हा वाघीण झालीस!

त्याला पूर्ण अंतरा दे. त्याच्या आवाजात, त्याच्या बाजूनं. त्याला मूर्ख करू नकोस, त्याच्या डोक्यावरही कापसातून सरकी वेगळी करणारा जिनिंगवाला बसलाय आणि त्याला सरकीचा भाव तुझ्यापेक्षा चांगला कळतो. तो इतका पटेल असा बोलला पाहिजे की ऐकणारा क्षणभर त्याच्या बाजूला जाईल. मग तू उत्तर दे. जमलं नाही तर तसंच पाठव, हरलेलं गाणंही मला चालेल.

एक भीती तू विचारली नाहीस, तरी सांगतो. 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेनं आमदारफुटीच्या ‘पन्नास खोक्यां’वर रॅप केला आणि अंबरनाथला त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. रॅप म्हणून मला ते गाणं साधारणच वाटतं, पण ते ज्याला लागायचं त्याला लागलं. तू पोलीस यावेत म्हणून लिहू नकोस आणि येतील म्हणून थांबूही नकोस. व्यापाऱ्याचं खरं नाव मात्र बदल, गाव छोटं आहे आणि तुझ्या बाबांना पुढच्या हंगामात त्याच्याकडेच जायचंय.

नवा अंतरा बीटशिवाय पाठव, नुसता आवाज. फोनवर रेकॉर्ड केलास तरी चालेल, फक्त पंखा बंद कर. मागच्या वेळी तुझे दोन शब्द त्यात गेले.